आक्काला आणायची गाडी

श्रीनाथ मास्तरांना कुणी काही सांगितलं, की ते तसंच आहे असं धरून ते चालायचे. बेळगावातल्या एका हायस्कुलात सगळी नोकरी सायन्स शिकवण्यात गेली, कितीतरी पोरं हाताखालनं गेली, पण माणसाच्या बोलण्याखाली आणखी एक बोलणं असतं, हे काही त्यांना उमगलं नाही. कंग्राळीचा एखादा पोरगा शाळेला आला नाही आणि बापानं 'पोटात दुखायलंय त्याच्या' असा निरोप धाडला, की मास्तर संध्याकाळी ओव्याची पुडी खिशात घालून सायकलवरनं कंग्राळी गाठायचे. पोरगा बांधावर शेंगा खात बसलेला. मास्तर काळजीनं म्हणायचे, "शेंगा नको रं खाऊ. पित्त वाढंल आणि." पोरगं ओव्याकडं बघायचं, बाप जमिनीकडं बघायचा.

लेकीच्या, अदितीच्या लग्नाचं बघताना तर कहरच झाला. निपाणीचं एक स्थळ आलं होतं. पोरगी बघून गेल्यावर पोराच्या काकांनी फोन केला, "सगळं पसंत हाय हो मास्तर, पण बेळगाव जरा लांब पडतंय आम्हाला." दुसरा कुणी असता तर फोन ठेवून गप्प बसला असता. मास्तर रविवारी निपाणीला गेले आणि काकांना रस्ता समजावून आले. हायवे मोठा झाल्यापासनं किती लवकर पोचता येतं, कुठनं गाडी घातली की गर्दी लागत नाही, सगळं. काकांनी चहा पाजला. मास्तर घरी आले तेव्हा भैरवीनं, त्यांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला.

"अहो, नको म्हटलं त्यांनी."

"नको कुठं म्हटलं? लांब पडतंय म्हटलं."

अदिती पुढं हुबळीला दिली, सुखात आहे. पण 'लांब पडतंय' हे त्या घरात कायमचं चेष्टेचं होऊन बसलं. भाजी नको असली तरी अदिती म्हणायची, वांगं लांब पडतंय मला.

माणसांच्या बाबतीत असं, आणि वस्तूंच्या बाबतीत बरोबर उलटं. मिक्सर, पंखा, शेजारणीचा कुकर, देवळाचा भोंगा, ह्यांच्या बारीक कुरकुरीमागं नेमकं काय आहे हे मास्तरांना नुसता कान लावला की कळायचं. वर्गात ते सांगायचे, दोष आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण काढलं की दोष जातो. एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. अंगणातल्या पत्र्याखाली उभी असलेली पांढरी मारुती एवढी जुनी झाली, पण तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता.

ती गाडी घेतली होती आक्कासाठी.

आक्का म्हणजे कल्याणी, मास्तरांची थोरली बहीण. गुंजीला दिलेली. दाजी रेल्वेत गँगमन होते, लोंढा ते खानापूरच्या लाईनवर त्यांची हयात गेली. आईवडील लवकर गेले, त्यामुळं आक्काचं माहेर म्हणजे एक श्रीनाथच. आमच्याकडं नागपंचमीला भाऊ जाऊन बहिणीला घेऊन येतो. जो आणायला जातो तो मुराळी. बाकीचा सण चुकला तर चुकला. पंचमीला मुराळी आला नाही, तर बाई दिवसभर दारात येरझाऱ्या घालते आणि गल्लीतल्या बाया तिला काही विचारत नाहीत. श्रीनाथ कॉलेजात असल्यापासनं आक्काचे मुराळी. आधी पॅसेंजरनं जायचे, मग स्कूटरवरनं, आणि आक्काची कंबर धरली तेव्हा ही सेकंडहँड मारुती आली. पुढच्या सीटवर आक्का बसायची, मांडीवर आमसुलांचा डबा, आणि खानापूर येईपर्यंत सासरच्या सगळ्या तक्रारी सांगून मोकळी व्हायची. खानापूर सोडलं की ती माहेरची झाली. मग सासरचं एक अक्षर नाही.

जीभ मोठी तिखट. मास्तरांना सगळं जग सर, मास्तर म्हणायचं, ती 'शिरी' म्हणायची. "शिरी, देवानं तुला चुकून माणूस केलं बघ. पाना करायला पायजे होतं. भैरवीनं पिशवीत घालून ठेवला असता, जेवायला तरी मागितला नसतास."

ह्या वर्षी उन्हाळ्यात आक्काच्या पोटात गाठ निघाली. बेळगावच्या दवाखान्यात ठेवून झालं. मग डॉक्टरांनी तिच्या पोराला, सूरजला, बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना जे आवडतं ते करा. मास्तर तिथंच उभे होते. 'आवडतं ते करा' हे त्यांनी नीट ऐकून घेतलं.

आषाढ संपता संपता ते गुंजीला गेले. आक्का भिंतीकडच्या कॉटवर होती. अंगावरचं मांस उतरलेलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जीभ तेवढी जागेवर होती.

"आलास? ये. बघ, तुझ्या सायन्सच्या खोलीतला सापळा झालो मी." आमच्याकडच्या बायका स्वतःला अशाच झालो, आलो, जातो म्हणतात. "खडू घेऊन ये आणि एकेक हाड दाखव पोरांना."

"गप बस आक्का."

"गपच हाय की दिवसभर. हितं बोलायला कोण हाय." चहा झाल्यावर तिनं मास्तरांचा हात धरला. "शिरी, पंचमीला येतो रं मी."

"मी येतो की आणायला."

"एक रात्र. लई न्हाय. तुझ्या घरात झोपतो, भैरवीच्या हातचा तंबिटाचा लाडू जिभंला लावतो, आणि येतो माघारी."

"चार दिवस राहा की."

"एक रात्र म्हटलं न्हवं."

दाजी दारातल्या बाकावर बसले होते. त्यांनी हे ऐकलं. उठून परड्यात गेले.

दुपारी सूरज मास्तरांचीच गाडी घेऊन खानापूरला औषधं आणायला जाऊन आला. सूरज चाळिशीचा, गुंजीतच त्याचं किराणा दुकान. मास्तर निघाले तसा तो गाडीपर्यंत आला आणि दाराला हात लावून उभा राहिला.

"मामा, पंचमीचं आई बोलली व्हय?"

"व्हय. आदल्या दिवशी सकाळी येतो मी."

सूरज चपलेनं चिखल सारवत राहिला. "ते खरं मामा. पण गाडीचं स्टेअरिंग लई हलतंय. खड्ड्यात चाक गेलं की हातातनं सुटायलंय. हितनं खानापूरपतोर रस्ता कसला झालाय बघितलासा न्हवं? ह्यातनं आईला न्यायची म्हणजे…"

"हलतंय खरं," मास्तर म्हणाले. "माझ्याबी ध्यानात आलंय. स्टेअरिंगचे एंड गेल्यात."

"तेच की."

"करतो मी नीट."

सूरज जरा गडबडला. "करा. मग बघूया."

'मग बघूया' म्हणजे काय हे आमच्या भागात रांगतं पोरसुद्धा जाणतं. मामाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. मामानं मागितलं तर भाच्यानं द्यायचं, आणि देता येत नसलं तर ते पावसावर ढकलायचं, रस्त्यावर ढकलायचं, गाडीवर ढकलायचं, म्हणजे मामानं ओळखावं आणि आपल्या मानानं मागं फिरावं. दोघांचंही तोंड राहतं. सूरजनं रीतीप्रमाणं गाडीवर ढकललं होतं. मास्तर गाडी नीट करायला घरी आले.

भैरवी सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूरज गाडीचंच बोलला? का आणखी काय बोलला?"

"गाडीचंच. एंड गेल्यात म्हटलं तर व्हय म्हणाला."

"मग शेजारच्या समर्थची नवी गाडी मागूया की. न्हाय म्हणायचा न्हाय तो. विचारा बघू सूरजला."

मास्तरांनी लगेच फोन लावला. पलीकडनं सूरज म्हणाला, "नको मामा, लोकाची गाडी नको. आईला तुमच्या गाडीची सवय हाय. तुमचीच होऊ दे नीट, मग बघूया."

"ऐकलंस?" मास्तर फोन ठेवत म्हणाले. "आपलीच नीट करा म्हणतोय."

भैरवीचा सुपातला हात थांबला. ती निपाणीची, माणसांच्या गर्दीत वाढलेली; तिला सगळं कळलं. सांगायला तिनं तोंडही उघडलं होतं. पण दवाखान्यातनं आल्यापासनं भिंतीकडं बघत बसणारा हा माणूस आता उभ्या उभ्या पान्यांची पेटी उघडत होता, जॅक कुठं ठेवलाय विचारत होता. त्या तोंडाला काय सांगायचं? तिनं तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

सामानाचं दुकान आण्णाप्पाचं. त्यानं मान हलवून सांगितलं, "जुनी गाडी सर, स्टॉक इल्ला. नाळे बर्री." उद्या या. आण्णाप्पाचं उद्या म्हणजे पुढच्या आठवड्यात कधीतरी, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. मास्तर दुसऱ्या दिवशी तो शटर उघडायच्या आत पायरीवर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेवटी आण्णाप्पालाच लाज वाटली, आणि त्यानं कोल्हापूरच्या बसमधनं खोकं मागवून घेतलं. "एवढी काय गडबड सर? ट्रिप हाय काय?"

"बहिणीला आणायचंय. पंचमीला."

"हां, अक्काला." आण्णाप्पाची स्वतःची बहीण गोकाकला. त्यानं खोकं पुसून दिलं.

स्टेअरिंग फिरवलं की ते फिरणं चाकापर्यंत पोचवायला दोन बाजूंना दोन दांडे असतात. त्यांच्या टोकाला खुब्यासारखा सांधा असतो, वाटीत गोळी. तोच एंड. मास्तरांनी पुढची बाजू जॅकवर उचलली आणि खाली दाजींनी कधीतरी दिलेले रुळांखालच्या जुन्या स्लीपरचे ओंडके सारले. चाक काढलं. भैरवीला म्हणाले, "आत बस आणि सांगतो तसं फिरव."

ती पदर खोचून स्टेअरिंगवर बसली. तिला गाडी येत नव्हती. बाहेर फक्त मास्तरांचे पाय दिसत होते.

"डावीकडं घे… आता उजवीकडं… थांब. पुन्हा जरा. बघितलंस? तू फिरवतीस, आणि दांडा आधी नुसताच थरथरतोय, मग फिरतोय. हितं झिजलाय."

"मला काय दिसतंय हितनं? तुमचे पाय दिसायलेत. नखं काढा जरा."

"सतराचा पाना दे."

तिनं खिडकीतनं वाकून पाना दिला आणि तशीच वाकून राहिली. "अहो, गाडी झाली, आणि तरीबी त्यांनी न्हाय म्हटलं तर?"

"का न्हाय म्हणतील? दुसरं काय कारण हाय?"

"असंल काहीतरी."

"असलं तर सांगतील की."

"दाजी काय म्हणाले?"

"दाजी काय बोलतच नव्हते."

हातोडीचे घाव सुरू झाले. एंड जिथं बसवलेला असतो तिथं तो वर्षानुवर्षं गंजून एकजीव होतो; बाजूनं ठोकत राहावं लागतं, सरळ मारून भागत नाही. भैरवी स्टेअरिंग धरून बसली होती. प्रत्येक घाव तिच्या हाताला लागत होता.

"आक्कांचं तसं काही झालं," ती म्हणाली, "हितं, त्या एका रात्रीत, तर?"

घाव थांबले. पत्र्यावरनं पाणी टपकत होतं.

"तर मी हाय की," मास्तर म्हणाले. "तू हायस."

आणि पुन्हा ठोकायला लागले. म्हणजे तेवढा विचार त्यांनी केला होता. आपल्या घरात, आपल्यासमोर आक्का जाईल, हे धरूनच ते गाडीखाली शिरले होते. भैरवीनं डोळ्याला पदर लावला आणि पुन्हा स्टेअरिंग धरलं.

एंड सुटला तेव्हा मास्तर बाहेर येऊन तिला दाखवायला लागले. बोटानं ढकललं की गोळी इकडं पडायची, तिकडं पडायची, मेलेल्या चिमणीच्या मानेसारखी. नवा हातात घेतला तर दोन्ही अंगठ्यांनी दाबूनही हलत नव्हता. जुना कुठवर आत होता तिथं दांड्यावर त्यांनी अदितीच्या राहिलेल्या नेलपॉलिशनं खूण केली आणि नवा त्याच खुणेपर्यंत फिरवत नेला. एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूचं रबर फाटून आत पाणी गेलेलं, त्यामुळं आतला सांधाही गेला होता. तिथं हात जात नव्हता, पाना बसत नव्हता. बोटांची सालं निघाली. हळद भरायला भैरवी आली तर म्हणाले, आत्ता नको, ग्रीस लागेल.

त्यातच आक्काचा फोन आला. सूरजच्या बायकोनं लावून दिला असावा.

"झालं काय रं तुझं?"

"एक बाजू झाली."

"दुसऱ्या बाजूला लई येळ लावू नको बाबा. माझ्याजवळ एवढा न्हाय."

"परवापतोर होतंय."

"मी पिशवी भरून ठेवलीया," ती म्हणाली.

चाकं सरळ आहेत का बघायला मास्तरांनी मागच्या चाकापासनं पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून बांधली आणि उकिडवं बसून एक डोळा मिटून बघत राहिले. कंग्राळीच्या रस्त्यानं चक्कर मारून आले तर गाडी सरळ जात होती, पण स्टेअरिंग जरा तिरकं बसलं होतं. तसं चाललं असतं. "आक्काला दिसलं तर नाव ठेवंल," म्हणून पुन्हा सगळं सैल करून सरळ केलं. मग वायपर बदलले. शेजारची सीट पूर्ण मागं पडावी म्हणून तिची खीळ काढली आणि सीटवर उशी बांधली. गाडी धुतली. पावसात धुतली, तेव्हा गल्ली हसली.

पंचमीच्या आदल्या दिवशी ते निघाले. घरात लाह्या भाजून झाल्या होत्या. सोप्यातल्या तुळईला भैरवीनं झोका बांधून घेतला होता, नुसता बसण्यापुरता, पाय जमिनीला टेकतील असा. ती दारात आली. "उशीर झाला तर फोन करा."

"उशीर का होईल?"

गुंजीत पोचले तेव्हा दाजी त्याच बाकावर होते. सूरज आतनं आला. मास्तरांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "बस. हात लावून बघ."

सूरज बसला. दुकानाच्या वळणापर्यंत जाऊन आला. उतरला, आणि किल्ली परत द्यायचं विसरून तशीच धरून उभा राहिला. "लई चांगलं झालंय मामा."

"मग? आण आक्काला."

"पाऊस हाय मामा."

"वायपर नवीन घातल्यात."

"दोन दिवस झालं, आईला बसवत न्हाय."

"सीट सगळी मागं पडत्या. झोपवूनच न्यायची."

"वाटंत दुखायला लागलं तर…"

मास्तरांनी खिशातनं गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. डॉक्टरांना विचारून आणली होती. सूरजनं गोळ्यांकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. आता ढकलायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.

आतनं आक्काचा आवाज आला. "सूरज, बास कर. तू काय सांगशील ते हा नीट करून घेऊन येईल. खरं काय ते सांगून टाक मामाला."

सूरजनं बाकाकडं बघितलं. दाजी बाकावरनं उठले. आयुष्यभर कमी बोललेला माणूस, शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "श्रीनाथ, राग मानू नको. नवरा हाय, पोरगा हाय, घर हाय. आणि बाईनं भावाच्या दारात जीव सोडला तर? शेवटाला हिला माहेरी टाकली म्हणतील लोकं. तिला ह्या घरातनं न्यायची हाय मला. माझ्या हातनं."

"तुम्हाला न्हाय कसं म्हणायचं मामा," सूरज म्हणाला, "म्हणून मी गाडीचं…"

"पण गाडीचं का बोललास?" मास्तरांनी विचारलं. रागानं नाही. वर्गात पोराचं गणित कुठं चुकलं ते शोधावं तसं विचारलं. "त्याच दिवशी सांगायचं. मी दाजींच्या पाया पडलो असतो. दहा दिवस होते मला."

सूरजनं दंड डोळ्यांवर धरला आणि दुकानाच्या बाजूला तोंड केलं.

मास्तर आत गेले. आक्का कॉटवर टेकून बसली होती. अंगावर मोरपंखी लुगडं, केस विंचरलेले, पायाशी पिशवी. ती तयार होऊन बसली होती, आणि तयार झाल्यावर सकाळी कधीतरी तिला हे सांगितलं गेलं होतं.

"भांडू नको," ती म्हणाली.

"एक रात्र आक्का."

"व्हय. एक रात्र. तू भांडलास तर ऐकतील रं हे, मामा हायस तू. न्हेशीलबी मला. पण मग उद्या मी न्हाय, आणि हे तुझ्या दारात यायचे न्हाईत. माझ्या एका रात्रीसाठी पोराचं आजोळ तोडू व्हय?"

मास्तर कॉटच्या कडेला बसले. त्यांच्या बोटांच्या सालं गेलेल्या जागा तिनं बघितल्या, एकेक बोट उलटं-सुलटं करून बघितलं.

"एवढी केलायस तर फिरव मला," ती म्हणाली. "मोठ्या रस्त्यापतोर जाऊन येऊया."

पुढं श्रावणातच आक्का गेली. गुंजीत, त्याच कॉटवर, दाजींच्या हातनं पाणी पिऊन. त्याबद्दल मास्तर बोलत नाहीत. बोलले तर ह्या फेरीबद्दल बोलतात, तेही थोडंच.

सूरजनं आईला दोन्ही हातांवर उचलून सीटवर ठेवलं. तिचं वजन इतकं उतरलं होतं की त्याला वाकावंसुद्धा लागलं नाही. दाजींनी तिच्या पायांवर चादर टाकली आणि दार लावलं, दोनदा ओढून बघितलं. मास्तरांनी गाडी सावकाश काढली. शाळा गेली, स्टेशनची वाट गेली. खड्डे सगळे पाण्यानं भरलेले. एका खड्ड्यात चाक गेलं, निघालं.

"हलंना झालंय की रं."

"न्हाय हलत आता."

"मला वाटायचं गाडी म्हटली की हलायचीच."

मोठ्या रस्त्याला लागायच्या ठिकाणी त्यांनी गाडी थांबवली. गोव्याकडं जाणारे ट्रक पाणी उडवत समोरनं जात होते. तिथनं एका बाजूला लोंढा, दुसऱ्या बाजूला खानापूर आणि पुढं बेळगाव. मास्तरांनी खानापूरच्या बाजूचं इंडिकेटर लावलं. का लावलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आक्का. वळवू?"

ती रस्त्याकडं बघत होती. "किती येळ लागतोय आता?"

"तासाभरात घरात."

"भैरवीनं लाह्या भाजल्या असतील."

"काल भाजल्यात. झोकाबी बांधलाय. खाली. पाय टेकतील असा."

आक्काच्या तोंडावरनं काहीतरी गेलं. हसू असावं. इंडिकेटर टिकटिक करत होतं. मागनं एक टेंपो आला, त्यानं हॉर्न वाजवला, आणखी एकदा वाजवला, आणि शेवटी बाजूनं काढून घेऊन ड्रायव्हर कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत गेला.

"शिव्या देऊन गेला बघ तुला," आक्का म्हणाली. मग तिनं आपला हात उचलून मास्तरांच्या हातावर ठेवला. "मागं वळव शिरी."

"आक्का…"

"वळव म्हटलं न्हवं."

वळव म्हणताना ती खानापूरच्या रस्त्याकडंच बघत होती. मास्तरांनी ते बघितलं. बघून ते तसेच बसले. मग त्यांनी इंडिकेटर बंद केलं.

तिथं रस्ता अरुंद आहे. आधी ह्या जागी गाडी फिरवायची म्हणजे दोन्ही हातांनी ओढावं लागायचं, पुढं-मागं करावं लागायचं. आता बोटांवर स्टेअरिंग फिरलं. गाडी एका दमात वळली आणि गुंजीकडं तोंड करून उभी राहिली, आणि चाक आपोआप सरळ झालं. मास्तरांना वाटलं होतं वळायला जरा वेळ लागेल.

परतताना ते गिअर बदलत नव्हते, पहिल्यावरच सावकाश चालले होते. आक्का काहीतरी सांगत होती, भैरवीच्या पहिल्या पंचमीचं, लाडू कडक झाले होते आणि सगळ्यांनी बत्त्यानं फोडून खाल्ले होते त्याचं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. मास्तरांनी वळून बघितलं तर तिचा डोळा लागला होता. मान त्यांच्या बाजूला कलली होती. महिनाभर तिला गोळीशिवाय झोप नव्हती.

घरासमोर त्यांनी गाडी उभी केली. सूरज छत्री घेऊन पळत आला आणि दार उघडायला त्यानं हात घातला. मास्तरांनी काचेतनंच त्याला थांबवलं. त्यानं वाकून आत बघितलं, हात मागं घेतला. दाजीही बाकावरनं उठून आले आणि सूरजच्या शेजारी येऊन उभे राहिले. एका छत्रीत दोघं मावत नव्हते.

इंजिन बंद केलं तर ती जागी होईल, म्हणून मास्तरांनी ते चालूच ठेवलं.